डुकराचे मांस, पारख व प्रतवारी

पाळीव डुकराचे ताजे, गोठविलेले अथवा खारवलेले मांस स्वयंपाकासाठी विकत घेताना त्याचा दर्जा ओळखण्याच्या खुणा, व्यापारात त्याचे वर्ग पाडण्याच्या पद्धती आणि वेष्टनावरील मजकुराचा अर्थ या तीन गोष्टी परस्परांशी निगडित आहेत. ज्यू व इस्लाम या धर्मांत डुकराचे मांस निषिद्ध आहे; तथापि चीन, यूरोप, अमेरिका, आग्नेय आशिया व पॅसिफिक बेटे येथे ते आहारातील प्रमुख मांस आहे. भारतात ईशान्येकडील राज्ये, गोवा, केरळ आणि अन्य राज्यांतील काही समाज यांच्या आहारात त्यास स्थान आहे. ‘चांगले मांस’ या शब्दप्रयोगात दोन वेगवेगळे अर्थ एकत्र आलेले असतात. एक अर्थ खाद्यगुणांचा, म्हणजे कोवळेपणा, रसाळपणा व स्वाद यांचा. दुसरा आरोग्यदृष्ट्या निर्धोकपणाचा. पहिल्याची पारख जाणकार ग्राहकास डोळा, नाक व बोट यांच्या साहाय्याने बऱ्याच अंशी करता येते. दुसऱ्याची पारख विक्रीच्या टेबलावर करता येत नाही. ती कत्तलखान्यातील तपासणीवर आणि योग्य प्रकारे शिजविण्यावर अवलंबून असते. या दोहोंतील भेद ध्यानात न घेतल्यामुळे दिसावयास उत्तम असलेले मांस निर्धोक समजले जाते.

घटना व भाग : कत्तलीसाठी वाढविलेले डुक्कर साधारणपणे पाच ते सहा महिन्यांचे आणि सु. ९० ते १३० किग्रॅ. वजनाचे असते. डुक्कर लहान वयातच कापले जात असल्याने त्याच्या मांसात, म्हाताऱ्या जनावराच्या मांसाच्या मानाने, संयोजी ऊतक कोवळे असते. चरबी वगळलेल्या मांसात सु. ७० ते ७५% पाणी आणि सु. २० ते २२% प्रथिने असतात. थायामीन म्हणजे ब-१ हे जीवनसत्त्व इतर सामान्य मांसांपेक्षा डुकराच्या मांसात पुष्कळच जास्त असते. मांसाचा तांबूस रंग मायोग्लोबिन या स्नायूतील रंगद्रव्यामुळे येतो. गोमांसाच्या तुलनेने डुकराच्या मांसात ते कमी असल्यामुळे त्याचा रंग फिकट गुलाबी ते तांबूस गुलाबी असा दिसतो.

धडाचे खांदा, पाठ, पोट व मागची मांडी असे चार प्रमुख भाग पाडतात. पाठीच्या स्नायूंना श्रम कमी असल्याने तेथील मांस कोवळे असते व थोड्या वेळात शिजते. जास्त शिजविल्यास ते कोरडे पडते. खांद्याच्या मांसात संयोजी ऊतक व चरबी अधिक असतात. मंद आचेवर दीर्घकाळ शिजविल्यास त्यातील कोलॅजेनाचे जिलेटिनात रूपांतर होऊन ते मऊ व रसदार होते. पोटाच्या भागात मांस व चरबी यांचे थर एकाआड एक असतात. बेकन मुख्यतः याच भागापासून करतात. मागच्या मांडीपासून हॅम करतात. यामुळे मांसाची पारख करताना ते कोणत्या पाककृतीसाठी हवे आहे, हे प्रथम ठरवावे लागते. भाजण्यासाठी उत्तम असलेला तुकडा आंबट-तिखट रश्शासाठी उत्तम असेलच असे नाही.

कत्तलीनंतरचे बदल : जिवंत स्नायूचे पीएच मूल्य सु. ७ असते. कत्तलीनंतर रक्ताभिसरण थांबते व प्राणवायूचा पुरवठा बंद पडतो. स्नायूत साठविलेल्या ग्लायकोजेनाचे विघटन होऊन लॅक्टिक अम्ल बनते आणि पीएच मूल्य हळूहळू खाली येते. सर्वसाधारण स्थितीत ते २४ तासांत ५.५ ते ५.८ च्या दरम्यान स्थिरावते. दरम्यान धड थंड होत असते. पीएच मूल्य खाली येण्याचा वेग व धड थंड होण्याचा वेग यांचा मेळ बसला, तर मांसाचा रंग गुलाबी राहतो, त्याला योग्य घट्टपणा येतो आणि त्यातील पाणी त्यातच टिकून राहते. हा मेळ बिघडल्यास पुढील दोन दोष उद्‍भवतात.

पहिल्या दोषात मांस पांढुरके, मऊ व पाणी सोडणारे बनते. कत्तलीनंतर पाऊण तासाच्या आतच, धड गरम असताना, पीएच मूल्य ६ च्या खाली गेल्यास उष्णता व आम्लता यांच्या एकत्रित परिणामाने स्नायूतील प्रथिनांची रचना बिघडते व त्यांची पाणी धरून ठेवण्याची क्षमता कमी होते. असे मांस शिजविताना पुष्कळ आकसते, कोरडे व चोथट लागते. कत्तलीच्या ऐन वेळी जनावर घाबरणे, त्यास मारझोड होणे, उष्म्यात दाटीवाटीने कोंडले जाणे ही याची निकटची कारणे होत. बेल्जियममधील पीएत्रँ आणि लँड्रेस जातीचे काही वाण यांमध्ये या दोषाकडे आनुवंशिक कल आढळून आला. ताणास अतिसंवेदनशील करणारे हे उत्परिवर्तन रायनोडीन ग्राहीच्या जनुकात असल्याचे १९९१ मध्ये सिद्ध झाले. त्यानंतर जनुकीय चाचणीच्या आधारे पैदाशीच्या कळपांतून ते मोठ्या प्रमाणावर काढून टाकणे शक्य झाले.

दुसऱ्या दोषात मांस गडद, घट्ट व कोरडे दिसते. लांबचा प्रवास, उपासमार वा कळपातील झुंजी यांमुळे कत्तलीपूर्वीच ग्लायकोजेन संपून गेल्यास पुरेसे लॅक्टिक अम्ल तयार होत नाही व पीएच मूल्य ६ च्या वरच राहते. असे मांस पाणी चांगले धरून ठेवते व शिजल्यावर रसदारही लागते; परंतु आम्लता कमी असल्यामुळे त्यात सूक्ष्मजंतूंची वाढ लवकर होते व ते लवकर नासते. जनावरास दिलेल्या वागणुकीचा परिणाम अशा रीतीने मांसात उतरतो, व रंग आणि ओलावा या खुणांवरून तो ग्राहकाच्या नजरेस येतो.

खरेदीच्या वेळची पारख : ताज्या मांसाचा रंग तांबूस गुलाबी, एकसारखा आणि काप घेतलेल्या पृष्ठभागावर किंचित ओलसर असावा. रंग मोजण्यासाठी जपान व अमेरिका येथे सहा पायऱ्यांच्या रंगपट्ट्या वापरतात. त्यांतील सर्वांत फिकट व सर्वांत गडद ही टोके सदोष मानली जातात. बोटाने दाबल्यावर मांस पूर्ववत होऊन येणे हे घट्टपणाचे लक्षण होय. तबकात वा पिशवीत साचलेले गुलाबी पाणी म्हणजे रक्त नव्हे. ते स्नायूतून सुटलेले प्रथिनयुक्त पाणी असते. ते जास्त असल्यास पहिल्या प्रकारचा दोष, वारंवार गोठविणे व वितळविणे किंवा फार दिवसांचा साठा यांची शंका घेण्यास जागा असते.

स्नायूच्या आत बारीक पांढऱ्या रेषांच्या रूपाने पसरलेली चरबी स्वाद व रसाळपणा यांस पोषक असते. चरबीचे प्रमाण अतिशय कमी असलेल्या डुकरांच्या पैदाशीमुळे ही आतील चरबीही घटली. म्हणून अगदी चरबीरहित दिसणारा तुकडा शिजल्यावर बरेचदा निराशा करतो. कातडीखालील चरबी शुभ्र व घट्ट असावी. डुकराच्या चरबीचे स्वरूप त्याच्या खाद्यानुसार बदलते. भुईमूग, सोयाबीन वा तेलयुक्त खाद्य जास्त दिल्यास असंतृप्त वसाम्ले वाढून चरबी मऊ व तेलकट होते, लवकर खवट होते आणि बेकनचे नीट काप पडत नाहीत. पिवळसर व उग्र वासाची चरबी जुन्या साठ्याची निदर्शक असते.

वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या नराच्या मांसास शिजविताना मूत्रासारखा वा विष्ठेसारखा दुर्गंध येऊ शकतो. ॲन्ड्रोस्टेनोन व स्कॅटोल ही दोन संयुगे त्यास मुख्यतः कारणीभूत असतात. ती चरबीत साठत असल्याने थंड मांसात हा दोष लक्षात येत नाही. चरबीचा लहानसा तुकडा तापविल्यास तो प्रकट होतो. काही लोकांना ॲन्ड्रोस्टेनोनाचा वास मुळीच जाणवत नाही. हा दोष टाळण्यासाठी बहुतेक देशांत नर पिले लहानपणीच खच्ची करतात. ब्रिटनमध्ये मात्र ती खच्ची न करता वयात येण्याच्या सुमारास कमी वजनावरच कापण्याची प्रथा आहे.

मांस नासल्याची लक्षणे म्हणजे आंबूस वा कुजकट वास, चिकट पृष्ठभाग आणि हिरवट वा करडी छटा. यांपैकी एकही लक्षण आढळल्यास मांस घेऊ नये; मसाला अथवा सिरका लावून ते लक्षण झाकता येते, दोष जात नाही. निर्वात वेष्टनातील मांस प्राणवायूच्या अभावी जांभळट दिसते व वेष्टन उघडल्यानंतर थोड्या वेळात गुलाबी होते; हा दोष नव्हे. याउलट, वेष्टनात अल्प प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड भरल्यास मांसाचा तांबडा रंग दीर्घकाळ, मांस जुने झाल्यावरही टिकून राहतो. ही पद्धत अमेरिकेत मान्य असून यूरोपीय संघात मान्य नाही. रंग ही ताजेपणाची खूण असली, तरी एकटी पुरेशी नाही, हे यावरून स्पष्ट होते.

दृष्टीस न पडणारे धोके : डुकराच्या मांसातून माणसास होणाऱ्या कृमिरोगांत पट्टकृमी व ट्रिकिना हे दोन प्रमुख होत. टीनिया सोलियम या पट्टकृमीच्या डिंभावस्था डुकराच्या स्नायूत तांदळाच्या ते वाटाण्याच्या दाण्याएवढ्या, अर्धपारदर्शक पांढरट पुटींच्या रूपाने राहतात. त्या जिभेच्या खालच्या बाजूसही दिसू शकतात. डुकरांतील या पुटींचे वर्णन ॲरिस्टॉटल यांच्या प्राणिविषयक ग्रंथात आलेले असून, जनावराची जीभ ओढून पाहण्याची प्रथा प्राचीन ग्रीसपासून चालत आली आहे. मात्र थोड्या पुटी असलेले जनावर या परीक्षेतून निसटते. अशा पुटी असलेले अर्धेकच्चे मांस खाल्ल्यास माणसाच्या आतड्यात काही मीटर लांबीचा पट्टकृमी वाढतो. हे फ्रीड्रिख क्यूखेनमाइस्टर यांनी १८५५ मध्ये देहान्ताची शिक्षा झालेल्या कैद्यास नकळत पुटी खाऊ घालून दाखवून दिले. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग सर्वथा निषिद्ध ठरेल.

याहून गंभीर विकार मेंदूत पुटी झाल्यामुळे उद्‍भवतो. तो मांस खाल्ल्याने होत नाही, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आतड्यात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी दूषित पाणी, भाजीपाला वा अस्वच्छ हात यांद्वारे पोटात गेल्यास त्यांतून निघालेले डिंभ रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचतात व अपस्माराचे झटके येऊ लागतात. म्हणून कधीही मांस न खाणाऱ्या व्यक्तीसही हा विकार होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हा कृमी स्थानिक असलेल्या अनेक प्रदेशांत अपस्माराच्या सु. ३०% रुग्णांत तोच कारण असतो. मानवी विष्ठा डुकराच्या तोंडी लागणे ही या चक्रातील निर्णायक कडी असल्यामुळे, बंदिस्त गोठ्यात तयार खाद्यावर वाढविलेले डुक्कर आणि वस्तीत मोकाट फिरणारे डुक्कर यांच्या मांसातील खरा फरक कापलेल्या तुकड्यावर दिसणारा नसतो.

ट्रिकिनेला स्पायरॅलिस या कृमीचे डिंभ स्नायूत सु. अर्धा मिमी. लांबीच्या कोशात गुंडाळलेले असतात व साध्या डोळ्यांना ओळखू येत नाहीत. जेम्स पॅजेट यांनी लंडनमध्ये विद्यार्थिदशेत १८३५ मध्ये मानवी शवात ते प्रथम पाहिले. ड्रेझ्डेन येथे फ्रीड्रिख त्सेंकर यांनी १८६० मध्ये एका मृत तरुणीच्या आजाराचा संबंध डुकराच्या मांसातील या कृमीशी जोडला. जर्मनीत हेडर्सलेबेन या गावी १८६५ मध्ये झालेल्या साथीत तीनशेहून अधिक लोक आजारी पडून सु. १०० मृत्युमुखी पडले. तेथे कच्चे वा अर्धेकच्चे मांस खाण्याची रूढी असल्यामुळे साथीचे स्वरूप भयंकर झाले.

तपासणीचा विकास : रूडोल्फ फिरखो यांनी प्रत्येक डुकराच्या मांसाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करण्याचा आग्रह धरला. जर्मनीतील अनेक राज्यांनी तशी सक्ती केली आणि १९०० मध्ये संपूर्ण साम्राज्यासाठी मांस तपासणीचा कायदा झाला. १८७९ पासून पुढील काही वर्षांत इटली, जर्मनी, फ्रान्स इ. देशांनी ट्रिकिनाच्या कारणावरून अमेरिकन डुकराच्या मांसाची आयात बंद केली. यामागे देशी उत्पादकांच्या संरक्षणाचाही हेतू होता. तपासणी केल्याशिवाय बाजारपेठ परत मिळणार नाही, हे दिसून आल्यावर अमेरिकेने १८९० व १८९१ मध्ये निर्यातीच्या मांसासाठी कायदे केले. अप्टन सिंक्लेअर यांच्या द जंगल या कादंबरीने शिकागोतील मांस-कारखान्यांची स्थिती उघड केल्यानंतर १९०६ मध्ये देशांतर्गत व्यापारासाठीही मांस तपासणीचा व्यापक कायदा संमत झाला.

आधुनिक पद्धतीत कत्तलपूर्व तपासणीत पशुवैद्य जनावराची चाल, श्वसन, त्वचा व तापमान पाहतात. कत्तलोत्तर तपासणीत डोके, लसीका ग्रंथी, फुप्फुसे, यकृत व हृदय तपासले जातात. पट्टकृमीच्या पुटींसाठी जबड्याचे स्नायू, हृदय व मध्यपटल पाहतात. ट्रिकिनासाठी मध्यपटलाचे नमुने पेप्सीन व हायड्रोक्लोरिक अम्ल यांच्या साहाय्याने पचवून, गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. योग्य ठरलेल्या धडावर शिक्का मारला जातो. अमेरिकेत धडावरील शिक्का गोल असून त्यात कारखान्याचा क्रमांक असतो. यूरोपीय संघातील शिक्का अंडाकृती असून त्यात देशाचे संकेताक्षर व मान्यता क्रमांक असतो. ग्राहकाच्या दृष्टीने वेष्टनावरील सर्व मजकुरात हीच खूण सर्वांत महत्त्वाची होय.

प्रतवारी : तपासणी ही जनावर खाण्यास योग्य आहे की नाही, हे ठरविते; प्रतवारी त्यापुढील व्यापारी मूल्य ठरविते. यूरोपीय समुदायाने १९८४ मध्ये स्वीकारलेल्या पद्धतीत धडातील चरबीरहित मांसाच्या टक्केवारीवरून रोमन अक्षरांनी वर्ग पाडतात. ‘एस’ वर्गात ६०% वा अधिक, ‘ई’ मध्ये ५५ ते ६०%, ‘यू’ मध्ये ५० ते ५५%, ‘आर’ मध्ये ४५ ते ५०%, ‘ओ’ मध्ये ४० ते ४५% आणि ‘पी’ मध्ये ४०% पेक्षा कमी मांस असते. अमेरिकेत खच्ची नर व तरुण मादी यांच्या धडांचे एक ते चार क्रमांकांचे वर्ग व ‘युटिलिटी’ हा कनिष्ठ वर्ग आहेत. या दोन्ही पद्धती मुख्यतः उत्पादकास द्यावयाची किंमत ठरविण्यासाठी आहेत. जास्त मांस देणारे धड जास्त रुचकर असते, असा त्यांचा अर्थ नाही. अमेरिकेतील किरकोळ बाजारात गोमांसावर दिसणाऱ्या दर्जाच्या खुणा डुकराच्या मांसावर नसतात. त्यामुळे तेथील ग्राहकास रंग व पोत यांवरच विसंबावे लागते. जपानमध्ये मात्र धडाचे वजन व चरबीची जाडी यांच्या जोडीने मांसाचा रंग, घट्टपणा व चरबीची प्रत यांचाही प्रतवारीत विचार होतो.

वेष्टनावरील मजकूर : वेष्टनावरील शब्द तीन प्रकारचे असतात : कायद्याने सक्तीचे, कायद्याने व्याख्या केलेले ऐच्छिक आणि केवळ जाहिरातीचे. यूरोपीय संघात एप्रिल २०१५ पासून ताज्या डुकराच्या मांसावर जनावर कोठे वाढविले व कोठे कापले, या दोन गोष्टी नमूद करणे सक्तीचे आहे. अमेरिकेत तशी सक्ती होती. परंतु जागतिक व्यापार संघटनेतील निर्णयानंतर ती डिसेंबर २०१५ मध्ये डुकराच्या व गोमांसाबाबत रद्द झाली.

‘नैसर्गिक’ हा शब्द ग्राहकास हमखास चकवितो. अमेरिकन नियमांनुसार त्याचा अर्थ कृत्रिम घटक वा रंग घातलेला नाही व प्रक्रिया अल्प आहे, एवढाच होतो. जनावर कसे वाढविले याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘संप्रेरके दिलेली नाहीत’ हे विधान खरे असले, तरी डुकरांना वाढीची संप्रेरके देण्यास तेथे मुळातच बंदी आहे व तसा खुलासा त्या विधानासोबत छापावा लागतो. मिठाचे व फॉस्फेटाचे द्रावण टोचून मांसाचे वजन व रसाळपणा वाढविण्याची पद्धतही रूढ आहे. अशा मांसावर द्रावणाची टक्केवारी छापणे आवश्यक असते. ती न वाचणारा ग्राहक पाण्यासाठी मांसाची किंमत मोजतो. ‘नायट्राइटविरहित’ बेकनमध्ये पुष्कळदा सेलरी या भाजीच्या चूर्णातून आलेले नायट्राइटच असते. नायट्राइटामुळे खारवलेल्या मांसास गुलाबी रंग येतो व बोट्युलिझम या विषबाधेस कारणीभूत असलेल्या जंतूंना आळा बसतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांत समावेश केला. तेव्हा असे मांस बेताने खाणेच श्रेयस्कर होय.

शब्दामागे नोंद व तपासणी असेल, तर वेष्टन किती बोलके होऊ शकते, याचे उदाहरण स्पेनमधील इबेरियन हॅमचे आहे. २०१४ च्या आदेशानुसार या हॅमला चार रंगांच्या पट्ट्या लावतात. काळी पट्टी शुद्ध इबेरियन जातीच्या, ओकच्या रानात बलूत फळांवर पोसलेल्या डुकराची. तांबडी तशाच पोषणाच्या संकरित डुकराची. हिरवी रानात चरून धान्यखाद्यही मिळालेल्या आणि पांढरी गोठ्यात खाद्यावर वाढविलेल्या डुकराची असते. बलूत फळांतील ओलेइक अम्लामुळे चरबी मऊ व सुवासिक बनते. जो मऊपणा बेकनच्या चरबीत दोष ठरतो, तोच येथे गुण मानला जातो.

भारतातील स्थिती : २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सु. ९०.६ लाख डुकरे होती. त्यांपैकी सर्वाधिक, सु. २१ लाख, आसामात होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रीय पद्धतीने डुकराच्या मांसावर प्रक्रिया करण्यासाठी हरिणघाटा, अलीगढ, बोरिवली, गन्नवरम, रांची इ. ठिकाणी बेकनचे कारखाने उभारण्यात आले. मुंबईत देवनार येथील कत्तलखाना १९७१ मध्ये सुरू झाला. तथापि देशातील बरेचसे मांस लहान खाटिकांकडे कापले जाते व त्याच दिवशी, थंड न करता, कातडीसह विकले जाते. असे मांस ताजे असते. पण कत्तलीनंतरचे बदल पूर्ण झालेले नसल्यामुळे रंग व सुटणारे पाणी यांवरून केलेली पारख येथे फारशी उपयोगी पडत नाही. जनावर कोठे वाढले व कोठे तपासले गेले, हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते.

वेष्टनबंद मांसास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ लागू आहे. वेष्टनावर चौदा अंकी परवाना क्रमांक, घटक, वेष्टनाची व वापराच्या मुदतीची तारीख असणे आवश्यक असते. मांसाहारी पदार्थाची पूर्वीची तपकिरी वर्तुळाची खूण २०२० च्या विनियमांनी बदलून चौकोनातील तपकिरी त्रिकोण अशी केली. ही खूण केवळ पदार्थ मांसाहारी असल्याचे सांगते. दर्जाविषयी ती काहीच सांगत नाही. २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेश येथे आफ्रिकी डुक्करज्वराचा भारतात प्रथमच प्रादुर्भाव झाला. हा रोग माणसास होत नाही. परंतु त्याचा विषाणू खारवलेल्या मांसातही दीर्घकाळ टिकतो. म्हणून स्वयंपाकघरातील मांसाचे उष्टे डुकरांना घालू नये.

गोव्यात चौरीस हे सॉसेज करताना मांसाचे व चरबीचे लहान तुकडे मीठ लावून ठेवतात. नंतर मिरची, लसूण, मसाले व सिरका यांत मुरवून आतड्यात भरतात, दोऱ्याने बांधून माळा करतात आणि उन्हात वा धुरावर वाळवतात. मिरचीच्या लाल रंगाखाली मांसाचा मूळ रंग झाकला जातो. म्हणून येथे चरबीचा खवटपणा, बुरशी व चिकटपणा या खुणा पाहाव्यात आणि करणाऱ्याची ख्याती विचारात घ्यावी. वाळविल्याने व सिरक्याने सूक्ष्मजंतूंची वाढ मंदावते. तथापि चौरीस तयार खाद्य नसून ते पूर्ण शिजवूनच खावे लागते.

साठवण व शिजविणे : ताजे मांस ४° से. वा त्याहून कमी तापमानात ठेवावे. मोठे तुकडे तीन ते पाच दिवसांत व खिमा एक ते दोन दिवसांत वापरावा. खिम्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने तो लवकर नासतो. डुकराच्या चरबीत असंतृप्त वसाम्ले अधिक असल्यामुळे गोठविलेले मांसही काही महिन्यांनंतर खवट होऊ लागते. १५ सेंमी. पर्यंत जाडीचे मांस -१५° से. तापमानात २० दिवस ठेवल्यास ट्रिकिनाचे डिंभ मरतात. थंड प्रदेशांतील वन्य प्राण्यांत आढळणाऱ्या काही ट्रिकिना जाती मात्र गोठविण्यास दाद देत नाहीत. मीठ लावणे, धुरी देणे वा वाळविणे या घरगुती क्रियांवर या बाबतीत विसंबता येत नाही.

शिजविणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ पासून सबंध तुकड्यांसाठी आतील तापमान ६३° से. व त्यानंतर तीन मिनिटे विसावा, तर खिम्यासाठी ७१° से. अशी शिफारस केली आहे. ही शिफारस तपासणी झालेल्या मांसासाठी असल्यामुळे, जेथे तपासणीची खात्री नाही तेथे मांस आतपर्यंत चांगले उकळून वा भाजून घेणेच योग्य ठरते. यकृतातून ई प्रकारच्या कावीळीचा विषाणू पसरल्याची उदाहरणे आढळली असल्याने तेही पूर्णपणे शिजवावे. ६३° से. पर्यंत शिजलेले मांस किंचित गुलाबी राहू शकते; नायट्राइटामुळे पूर्ण शिजलेले मांसही गुलाबी दिसते; तर काही वेळा मांस पुरेसे तापण्यापूर्वीच करडे होते. म्हणून जाड तुकड्याच्या मध्यभागी खुपसावयाचा तापमापक हा रंगापेक्षा अधिक विश्वसनीय असतो. कच्चे मांस कापलेली सुरी, पाट व हात धुतल्याशिवाय कोशिंबीर वा अन्य तयार पदार्थ हाताळू नयेत.

सारांश, रंग, पोत, चरबी व वास यांवरून मांस किती रुचकर लागेल, याचा अंदाज बांधता येतो. शिक्का व परवाना क्रमांक यांवरून त्याची जबाबदारी कोणी घेतली आहे, हे कळते. आणि उरलेली जबाबदारी चुलीवर पार पाडावी लागते. या तिहींपैकी कोणतीही एक गोष्ट दुसरीची जागा घेऊ शकत नाही.